माती, सूत आणि शाळा

खानापूरची माती आणि शहापूर-वडगावचे माग यांची ओळख बेळगाव भागातील वाचकांना करून द्यावयास नको. अशा या मुलखातील आमच्या सरकारी मराठी शाळेत मातीकाम व विणकाम सुरू करताना अडचण येईल ती साहित्याची, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात आली ती निराळीच.

पहिल्याच आठवड्यात सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील भेटीस आले. घराणे कुंभाराचे. "गुरुजी, मातीतनं वर काढायला पोराला शाळेत घातलं, आणि तुम्ही परत मातीतच घालताय व्हय?" असे त्यांनी विचारले. आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते.

प्रश्न जुना आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तीत टकळी सर्वांच्याच हाती यावयाची होती. पुढे 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी, मुलांनी थोडा वेळ शाळेत व उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा, अशी योजना आणली. हे तर जातीचे शिक्षण, म्हणून तिला तीव्र विरोध झाला व 1954 साली ती मागे घेण्यात आली. दोन्हीकडे हात राबणारच होते. पण ते कोणाचे, हा भेद लहान नव्हे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरविल्या. वकिलाच्या मुलीपासून विणकराच्या मुलापर्यंत प्रत्येकाने माती तुडवावी आणि प्रत्येकाने विणावे, ही पहिली. त्या गृहस्थांनीच आठवड्यातून एक तास वर्ग घ्यावा, ही दुसरी. बऱ्याच आग्रहानंतर ते तयार झाले.

मग वर्गाचे रूपच पालटले. ओल्या फरशीवर मुलांनी दहा सेंटिमीटरची रेघ ओढली. वाळून भाजल्यावर ती नऊच्या आसपास भरली. शेकडेवारीचा धडा फळ्यावाचून झाला. पुठ्ठ्याला खाचा पाडून केलेल्या मागावर ताणा बांधला, तेव्हा बाणा घट्ट ओढणाऱ्यांची पट्टी मधोमध आवळली. धागा किंचित कमानीसारखा सैल टाकून मग दाबावा, हे त्यांना उसवून विणतानाच उमगले.

चूक आमच्याही हातून झाली. स्नेहसंमेलन जवळ आले म्हणून आम्ही घाई केली. "अजून ओल हाय, गुरुजी," असे ते सांगत असतानाही भांडी आव्यात लावावयास लावली. निम्मी फुटली. मुले रडवेली झाली. तेव्हा एरवी वर्गात तोंड न उघडणारा तो कुंभाराचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही." विज्ञानाच्या पुस्तकातील वाफ त्याने घरच्या आव्याशी जोडली होती. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते.

असे वर्ग सुरू करू इच्छिणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. वाळलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती फुप्फुसांना अपायकारक असते. भांडी सावलीत, सावकाश वाळवावीत.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकावे, असे सुचविले आहे. सूचना चांगली आहे; मात्र कारागिराला गुरूचा मान आणि कामाचे मानधन मिळाले, तरच ती सार्थ होईल.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आम्ही देऊ शकलो, असा आमचा दावा नाही. त्यांचा मुलगा पुढे काय होईल, हे त्यानेच ठरवावयाचे आहे. परंतु हल्ली ते शाळेत येतात तेव्हा हाताची माती धोतराला पुसून लपवीत नाहीत, एवढे आम्ही पाहिले आहे.