वेचणीच्या दिवसांतली पालकसभा

कापसाची पऱ्हाटी फुटली की अकोला-अमरावतीच्या खेड्यांत शाळेच्या सभेला माणूस मिळणं कठीण. ‘पालकांना आस्थाच नाही’ हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक ठेवले, निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकच. पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दुपारची सभा म्हणजे दिवस बुडाला. मेळघाटातली कितीतरी कोरकू कुटुंबं तर दिवाळीनंतर कामासाठी गावच सोडतात. मग इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या-अंगठे घेणं, एवढीच पळवाट उरते.

अडाणी पालकांना शिक्षणातलं काय कळतं, असा आक्षेप असतो. शाळेतल्या खिचडीत डाळ आहे की नुसतं पिवळं पाणी, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, हे ओळखायला पदवी लागत नाही. समितीत राजकारण शिरतं, हे जास्त खरं. पण गावात ते कुठे नसतं? मोठी अडचण वेगळीच आहे, अधिकारांची. समितीने केलेल्या शाळा विकास आराखड्यावर अनुदान ठरावं, असं याच कायद्याचं कलम २२ सांगतं. शिक्षकांच्या नेमणुका-बदल्या मात्र तिच्या हातात नाहीत. म्हणून सभा दिवेलागणीनंतर घ्यावी आणि आराखड्यातल्या प्रत्येक मागणीला पंचायत समितीने लेखी उत्तर द्यावं. एवढं करूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पालकांना खुशाल दोष द्यावा.