सुभगाचे गणगोत

तुम्ही वाशीम जिल्ह्यात राहत असाल, तर पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या कडुनिंबाखाली दहा मिनिटे स्वस्थ उभे राहा. पानांतून लांब, गोड शीळ ऐकू येईल. नीट शोधलेत, तर चिमणीएवढा पिवळा पक्षी दिसेल. त्याच्या काळ्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. हा सुभगाचा नर. विणीच्या दिवसांत तो हवेत झेपावतो आणि पिसे फुलवून चेंडूसारखा गोल होऊन खाली उतरतो.

हा पक्षी कोणाचा नातलग? १७५८ साली लिनीअसने त्याला धोबी पक्ष्यांच्या प्रजातीत घातले. १८१६ मध्ये व्हिएयो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘एजिथिना’ ही स्वतंत्र प्रजाती केली. तिच्यात आज चार जाती मानतात. पुढे सुभग आणि हरेवा यांना एकाच कुळात बसवले गेले. दोघेही झाडावर राहणारे, हिरवे-पिवळे, पानांत दडणारे. तेव्हा ते भाऊबंदच असणार, असा तर्क होता.

पण अंगरखा सारखा म्हणून घराणे एक ठरते काय? हा प्रश्न सोडवायला तापमापी उपयोगी पडली, म्हणूनच माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला त्याचे कौतुक! डीएनएचा रेणू दोन धाग्यांचा असतो. तापवला की धागे सुटतात, थंड केला की पुन्हा जुळतात. आता एक धागा सुभगाचा आणि दुसरा कावळ्याचा घेतला तर? जेथे जोड जमत नाही, तेथे पकड सैल राहते आणि धागे कमी तापमानालाच सुटतात. तापमानातील ही घट जितकी कमी, तितके नाते जवळचे.

अमेरिकेतील सिबली व आल्क्विस्ट यांनी याच रीतीने पक्ष्यांची नाती तपासली. १९९० च्या त्यांच्या ग्रंथात सुभग हरेव्यापासून वेगळा होऊन थेट कावळ्यांच्या कुळात गेला. मात्र हरेव्याची जागा त्यांनाही अचूक सापडली नाही. पुढे डीएनएमधील घटकांचा क्रमच वाचता येऊ लागला, तेव्हा हरेवा शिंजीर व चिमण्यांच्या शाखेत गेला. सुभगाला आता स्वतःचे कूळ आहे. पण त्याची शाखा कावळे, कोतवाल आणि खाटीक यांचीच.

म्हणजे वर्गीकरण ही पाठ करण्याची यादी नव्हे. ते एक अनुमान असते आणि नवा पुरावा आला की बदलावे लागते. उद्या शाळेच्या आवारात सुभगाची शीळ ऐकू आली, तर जवळच्या कावळ्याकडेही एकदा पाहा. दोघांत नाते आहे, हे नुसत्या डोळ्यांनी तुम्हाला ओळखता आले असते काय?