मोटर थांबली, पण बिघडलें काय?

गेल्या माघांत आमच्या वहिनींनीं माळ्यावरची एक कातडी पेटी खालीं काढविली. तींत आमच्या थोरल्या बंधूंचा कॅमेरा होता. दादांना जाऊन अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून ती पेटी कोणीं उघडलीच नव्हती. कॅमेरा निकॉन एफएम२ जातीचा, त्याच्या बुडाशीं एमडी-१२ ही मोटर जोडलेली, आणि वरच्या चिमुकल्या खिडकींत आंकडा २९. याचा अर्थ असा कीं, आंत फिल्म होती, आणि दादांनीं घेतलेलीं शेवटचीं चित्रें तिच्यावर न धुतलेलीं तशींच होतीं.

पुतण्यानें जुने सेल काढून नवे घातले व कळ दाबली. मोटरीनें एकदां ‘कुर्र’ केलें आणि ती गप्प झाली. गांवांतल्या एका दुकानदारानें तर हात न लावतांच निकाल दिला कीं, मोटर जळाली आहे. मागचें दार उघडून पाहूं. वहिनींनीं विचारलें, “भाऊजी, दार उघडलें तर आंतलें राहील का हो?”

तें राहणार नव्हतें. या कॅमेऱ्यांत चित्र घेतलेली फिल्म आपल्या डबींत परत जात नाहीं. ती उजवीकडच्या उघड्या रिळावर गुंडाळत जाते. दार उघडलें कीं पहिला उजेड तिच्यावरच पडावयाचा. म्हणून मीं यंत्र आपल्याकडे घेतलें. मी कांहीं कारागीर नव्हे. परंतु दादांच्या हाताखालीं या यंत्राची पुष्कळ उस्तवार केलेली आहे.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एक चित्र घेतल्यावर फिल्म एक घर पुढें सरकावी लागते व शटर पुन्हां ताणावें लागतें. हें काम अंगठ्यानें एक दांडी ओढून होतें. मोटर तेंच काम विजेनें करते. निकॉन कंपनीनें १९५९ सालीं आपला ‘एफ’ कॅमेरा काढला, त्याला एफ-३६ नांवाची मोटर लागत असे. त्या मोटरीवर उलटा मोजणारा गणक होता; ठरलेलीं चित्रें झालीं कीं ती थांबावी व फिल्म फाटूं नये, अशी ती योजना. एफएम२ हा १९८२ सालचा. त्याच्या मोटरीनें सेकंदास तीनांहून अधिक चित्रें घेतां येतात. दादांना पक्ष्यांचा नाद होता. खंड्या पाण्यांत सूर मारतो त्या क्षणीं अंगठा कामाचा नाहीं, असें ते म्हणत.

आतां मुद्द्याकडे येतों. नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याहून चांगलें साधन मला या कामीं सांपडलेलें नाहीं. एक असतां दुसरें होतें काय, आणि तें नसतां होत नाहीं काय, एवढेंच पाहावयाचें. मोटर थांबली म्हणजे लोक मोटरीसच दोष देतात. पण कॅमेरा, फिल्म, सेल आणि मोटर हे चौघे एकत्र बांधलेले असतां चुकलें कोण, हें कळावें कसें? यासाठीं प्रथम मोटर सोडवावी. बुडाचा मोठा स्क्रू फिरविला कीं ती सुटते. एफएम२ चें शटर सर्वस्वीं यांत्रिक आहे; त्याला चालावयास विजेची गरज नाहीं. म्हणून मोटरीवांचून तें हातानें चालतें कीं नाहीं, याचें उत्तर लगेच मिळतें.

मीं देवघरांत बसून अगदीं हलक्या हातानें दांडी ओढली. ती सरळ गेली आणि डावीकडची फिल्म परत गुंडाळण्याची मूठही तिच्याबरोबर फिरली. मूठ फिरली याचा अर्थ फिल्म अडकलेली नाहीं व फाटलेलीही नाहीं. चौघांपैकीं दोघे निर्दोष ठरले. दांडी जर अडली असती तर मीं तेथेंच हात आंवरला असता. कारण तेव्हां फिल्म संपलेली असण्याचाच संभव अधिक. अंगठ्याला ताण कळतो. मोटरीला तो कळेलच असें नाहीं, आणि ती ओढत राहिली तर फिल्मच्या कडेचीं छिद्रें तुटतात. छिद्रें तुटल्याची शंका आली तर कॅमेरा अंधाऱ्या खोलींतच उघडावा.

पुढचें सर्व सोडून मीं आधीं फिल्म सोडविली. कॅमेऱ्याच्या बुडाचें लहान बटण दाबून मूठ सावकाश फिरवीत गेलों. जुनी फिल्म कडक झालेली असते. घाई करावयाची नाहीं. शेवटीं मूठ एकाएकीं हलकी झाली, तेव्हां डबी काढून ती मुंबईस धुण्यास पाठविली.

मग मोटर. तिच्या आंत आठ सेलांची एक चौकट असते. ती बाहेर ओढली तों दोन स्प्रिंगांवर पांढरी भुकटी व हिरवट डाग! अकरा वर्षें सेल आंतच राहिले होते. हा दोष यंत्राचा नव्हे, आमच्या विसरभोळेपणाचा. अल्कलाइन सेलांतून पाझरणारें द्रव्य म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचें पाणी, मोठा तीव्र क्षार. क्षारावर उतारा आम्लाचा. कापसाच्या बोळ्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन स्प्रिंगा पुसल्या, मग स्पिरिटानें पुसून दिवसभर वाळविल्या. पितळेच्या भांड्यांना आपल्या घरीं चिंच लावतात ती याच जातीची युक्ति. चिंच मात्र येथें लावूं नये, तिचा चिकटपणा मागें राहतो.

पुतण्यानें घातलेले नवे सेल तरी चांगले होते काय? मोजपट्टीवर प्रत्येकीं दीड व्होल्ट दिसे. परंतु ते भिंतीवरच्या घड्याळांत घालावयाचे स्वस्त सेल. ओझें नसतां ते पुरा दाब दाखवितात. मोटरीनें एकदम मोठा प्रवाह मागितला कीं बसतात. आठही सेल एकापुढें एक जोडलेले असल्यानें त्यांतला एक दुबळा निघाला तरी सर्व खोळंबतात. यासाठीं आठही एकाच वेळीं, एकाच जातीचे बदलावे. पुन्हां भरतां येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल प्रत्येकीं १.२ व्होल्टचे, म्हणजे बारा व्होल्टांऐवजीं ९.६ च मिळतात. तरी जोराचा प्रवाह ते सहज देतात. गति किंचित् मंदावते एवढेंच.

चांगले सेल घालून रिकाम्या कॅमेऱ्यावर मोटर बसविली. चालली, पण मधूनच चुके. हा दुसरा रोग. मोटर व कॅमेरा जेथें टेकतात तेथें धातूचे बारीक बिंदू असतात. ते मळले किंवा बुडाचा स्क्रू सैल राहिला तर संबंध धड जुळत नाहीं. ते स्पिरिटानें पुसले, स्क्रू बेतानें आंवळला, आणि मग ती न चुकतां चालूं लागली. कळ दाबूनही कांहीं न होणें हा आणखी एक प्रकार. त्या वेळीं मोटरीच्या पुढच्या खुंट्यांना दूरची दोरी लावून पाहावी. दोरीनें चालते व कळीनें चालत नाहीं, तर दोष कळीखालच्या स्विचांत. रिकाम्या कॅमेऱ्यावर कळ पन्नासएक वेळां दाबल्यानें कित्येकदां तो साफ होतो. उलट, मोटर एकदां सुटली कीं थांबतच नसेल तर प्रथम बटण ‘सी’ वर तर नाहीं ना, तें पाहावें; तें ‘एस’ वर असून थांबत नसेल तर सेल काढून घ्यावे व यंत्र जाणत्याकडे न्यावें. तेथें माझी विद्या संपते.

तीन आठवड्यांनीं मुंबईहून चित्रें आलीं. पुष्कळशीं धुक्यांतून पाहिल्यासारखीं. नऊ मात्र स्वच्छ होतीं. सात पक्ष्यांचीं, एक नदीच्या घाटाचें. नववें वहिनींचें. पहाटेच्या थंडींत त्या तुळशीला पाणी घालीत आहेत, आणि कोणी पाहत आहे याची त्यांना कांहींच कल्पना नाहीं. वहिनींनीं तें बराच वेळ हातांत धरलें आणि म्हणाल्या, “ही शाल मीं त्याच हिवाळ्यांत देऊन टाकली होती.”