रामफळ : गुणवैशिष्ट्ये आणि नावांचा गुंता

सीताफळाची झाडे निष्पर्ण असतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडी रामफळ पिकू लागते. तरीही व्यापारी लागवडीत ते मागेच राहिले आहे.

सीताफळ, रामफळ आणि मामफळ ही ॲनोना वंशातील भावंडे उष्णकटिबंधीय अमेरिकेतून भारतात आली. लिनियसने १७५३ साली त्यांना सालीवरून नावे दिली : सीताफळ ‘स्क्वामोसा’ म्हणजे खवलेदार, रामफळ ‘रेटिक्युलाटा’ म्हणजे जाळीदार, मामफळ ‘म्युरिकाटा’ म्हणजे खरखरीत, टोकदार. रामफळाची साल गुळगुळीत असून तिच्यावर अस्पष्ट जाळी दिसते. फळ हृदयाकृती, पिकल्यावर पिवळसर-तांबूस. गर दाट, सालीलगत रवाळ. सीताफळाचे उठावदार डोळे त्याला नसतात. पाने लांब व निमुळती असतात.

लोकव्यवहारातील नावे मात्र प्रांतागणिक बदलतात. बंगालमध्ये सीताफळ ‘आता’, तर रामफळ ‘नोना’. तमिळनाडूत रामफळ ‘रामसीता’. लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ ही नावे कोठे मामफळाला, कोठे चेरिमोयाला लावली जातात. दिल्ली परिसरात तर ‘सीताफल’ म्हणजे लाल भोपळा. आपले सीताफळ तेथे ‘शरीफा’ होते.

कीटकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ‘सीताफळावर फळमाशी आहे’ एवढ्याच माहितीवर मिथाइल युजेनॉलचा सापळा सुचविला आणि पीक भोपळ्याचे निघाले, तर सापळा जवळपास रिकामाच राहील. कारण भोपळवर्गीय पिकांवरील फळमाशीचे नर क्यू-ल्यूरकडे आकर्षित होतात. तोवर मादी फळांत अंडी घालीत राहते.

रोपवाटिकेतही ओळख महत्त्वाची ठरते. रामफळाची रोपे सीताफळाच्या कलमासाठी खुंट म्हणून वापरतात. जोडाखालचे धुमारे वेळीच न काढल्यास ते वरच्या कलमावर मात करतात आणि सीताफळाच्या बागेत रामफळ वाढते. ते फळ लागेपर्यंत लक्षात येत नाही; पानांकडे लक्ष असेल, तर पहिल्याच वर्षी उमगते.

विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीत स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहावे आणि सल्ला मागताना पान व सालीचे छायाचित्र जोडावे. स्थानिक नावे जपावीतच; त्यांत त्या त्या प्रांताची ओळख आहे. उपाययोजना मात्र नेमक्या जातीची खात्री करूनच सुचवावी.