माकडांच्या मरणाचा माग

मार्च 1957. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडत होती आणि भोवतालच्या गावांत माणसं तापानं फणफणत होती. ही खबर पुण्याला पोचली तेव्हा तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात पहिली शंका आली ती पिवळ्या तापाची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मेलेली माकडं म्हणजे त्या तापाची वर्दीच. भारतात तो ताप कधी शिरलेला नव्हता; पण तो पसरवणारे डास मात्र घरोघरी होते.

केंद्र तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी 1952 मध्ये ते मिळून उभारलं होतं. डास आणि गोचिडी यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधायचे, हे त्याचं काम. फाउंडेशनच्या अशाच प्रयोगशाळा त्रिनिदाद, बेलेम आणि जोहान्सबर्गलाही होत्या. त्यामुळे पुण्यात हाती लागलेला विषाणू जगभरातल्या विषाणूंशी ताडून बघता येई.

पण त्याआधी जंगल तुडवावं लागे. पाचोळ्यावरून कापड फरफटत न्यायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या, जातीनुसार निवडायच्या, वाटायच्या आणि तो अर्क उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचायचा. पिल्लं आजारली, की खरा तपास सुरू.

केंद्रातल्या टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या चमूला क्यासनूरमध्ये जो विषाणू सापडला, तो पिवळ्या तापाचा नव्हता. त्याचे भाऊबंद निघाले थेट रशियात! मग एवढ्या लांबून तो आला कसा? संशय स्थलांतरी पक्ष्यांवर गेला आणि सलीम अलींच्या पुढाकारानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. उलट त्या प्रकल्पात अमेरिकी लष्कराचा पैसा असल्यावरून 1970च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीनं कडक प्रश्न विचारले.

रॉकफेलर फाउंडेशननं 1967 मध्ये हात काढून घेतला. केंद्र चालूच राहिलं. खर्च परिषदेनं उचलला. 1978 मध्ये त्याची ‘राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था’ झाली.

आधी केलेल्या कामाचं मोल कधी कधी फार उशिरा कळलं. नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात 1965 मध्ये एक नवा विषाणू मिळाला होता. बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 2003 मध्ये आंध्रात मुलं मेंदूज्वरानं दगावू लागली आणि संस्थेच्या तपासात तोच पुढं आला.

2012 मध्ये पुण्यातच पाषाणला संस्थेची सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा सुरू झाली. पण क्यासनूरचा तो ताप, म्हणजेच माकडताप, अजून रानातच आहे. 2016 मध्ये तो सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा त्याच्या मागावर पुण्याची माणसं होतीच. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा, असं तिथल्या गावकऱ्यांना आता सांगितलं जातं. क्यासनूरची पहिली खबरही अशाच मेलेल्या माकडांनी दिली होती.