बेंजो पार्टीतला कॅसिओवाला

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले नावाचा विलायती बँड तीन दिवस वाजून गेला. तारखा १८, १९ आणि २१. गाव-खेड्यातून तिकडे कोण गेलं असेल ते असो, पण नाव तुमच्याही कानावर आलंच असेल. या बँडचा गायक ख्रिस मार्टिन बरीचशी गाणी पियानोवर बसून म्हणतो. बोटं पट्ट्यांवर आणि तोंड माईकला. पेपरात त्याच्याबद्दल रकानेच्या रकाने आले, आणि त्यात वावगं काही नाही.

पण त्याच स्टेडियमच्या अवतीभवती नेरुळ, शिरवणे, सारसोळे, करावे ही जुनी आगरी-कोळी गावं आहेत. हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीला त्या गावांत जाऊन बघा. टेम्पोवर जनरेटर, कडेला भोंगे, पुढे ढोल-ताशे, आणि मधोमध गळ्यात पट्टा अडकवून किंवा लोखंडी स्टँडवर वाद्य ठेवून एक जण उभा. गाण्याची चाल सगळी त्याच्या बोटांतून निघते. ढोलवाला चुकला तर दुसरा ढोल सांभाळून घेतो, हा चुकला तर नाचणारे थांबतात. त्याला सगळे ‘कॅसिओवाला’ म्हणतात. त्याच्या धंद्याविषयी आज थोडं बोलू या.

आधी या पार्टीचं नाव. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, वरून टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. तुम्हाला वाटेल, हे आपल्याच कोकणपट्टीतलं वाद्य. तसं नाही. १९१२ साली जपानात नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने ते काढलं. टाइपरायटरच्या कळा बघून त्याला ही युक्ती सुचली. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्या देशात त्याचं बुलबुल तरंग झालं आणि बेंजोही. बलुची लोकांनी तेच वाद्य मोठं करून ‘बेंजू’ केलं. अमेरिकेतला बँजो मात्र वेगळा, त्याला चामडं मढवलेलं असतं. आपल्याकडे या पेटीला वीज जोडली, भोंगा लावला आणि रस्त्यावर आणलं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख त्यात होते, तो या वाजवणाऱ्यांवरच.

नंतर कॅसिओ आला. खरं तर कॅसिओ हे कंपनीचं नाव. आधी ही कंपनी हिशेबाची यंत्रं करायची, १९८० साली तिने पहिलं वाजवायचं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे ते नाव असं चिकटलं की यामाहा असो की रोलँड, सगळंच कॅसिओ. जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा.

कॅसिओने पार्टीत काय बदललं, ते समजून घेण्यासारखं आहे. बेंजोच्या तारा एका पट्टीत जुळवलेल्या असतात. गाणारा म्हणाला, आज घसा बसलाय, काळी चार नको, काळी एक घ्या, की बेंजोवाल्याला तारा पुन्हा जुळवा किंवा डोक्यातल्या डोक्यात सगळी बोटं सरकवा. कॅसिओत एक बटण दाबलं की पट्टी बदलते, बोटं जिथल्या तिथे. शिवाय एकाच यंत्रातून सनईचा आवाज, बासरीचा आवाज, ब्रासचा आवाज. सनईची मींड काढायची तर कडेला एक चाक असतं, ते अंगठ्याने हलवायचं. चांगला वाजवणारा त्या चाकावर ओळखावा. नवशिक्या ते सारखं फिरवत राहतो, जुना माणूस ओळीच्या शेवटी एकदाच. आणि यंत्रात तयार ताल असतात ते तो बंद ठेवतो. समोर दहा माणसं जिवंत ताल धरून असताना यंत्राचा ताल कशाला?

शिक्षण कुठलं? शाळा नाही, नोटेशन क्वचित. पूर्वी कॅसेट मागे-पुढे करून गाणं बसवायचे. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं अशीच कितीतरी पोरांनी कानाने उचलली. आता मोबाइलवर ऐकून बसवतात. आषाढात काम नसतं, तेव्हा समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी पडवीत सराव चालतो. श्रावण लागला की नारळी पौर्णिमा, दहीहंडी, मग गणपतीचं आगमन, विसर्जन. पितृपक्षात पुन्हा हात रिकामे. मग नवरात्र. तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतात आणि थेट पावसापर्यंत चालतात. मध्ये शिमगा, चैत्रातल्या जत्रा. म्हणजे भातशेतीसारखंच. हंगाम साधला तर वर्ष निघतं, पावसाने घोळ केला तर कर्ज.

आणि भातशेतीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ च्या जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी गेले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. पण भूखंड घराला एक, पोरं तीन. शेत नाही, मिठागर नाही, खाडीत मासा कमी. गावातल्या अशा काही पोरांनी हातात वाद्य घेतलं. माझ्या मते बेंजो पार्टीकडे नुसता धांगडधिंगा म्हणून बघणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

धंद्याची रीत अशी. काम घेणं म्हणजे सुपारी घेणं. विसार देऊन तारीख पक्की, बाकी बिदागी वाजवून झाल्यावर. बहुतेक ठिकाणी सामान ज्याचं तो मालक, बाकीचे नाईटवर. कॅसिओवाल्याचं वाद्य मात्र पुष्कळदा त्याचं स्वतःचं असतं, म्हणजे दुरुस्तीही त्याचीच. पट्ट्यांखाली रबराची पातळ पट्टी असते. विसर्जनात पाऊस आणि गुलाल दोन्ही त्यात शिरतात. मग एखादी पट्टी मुकी होते, नेमकी जी सारखी लागते तीच. वरून प्लास्टिकचा कागद बांधतात, तरी गुलाल वाट काढतोच. मंडळवाल्यांनो, उधळायचा तर उधळा, पण टेम्पोकडे पाठ करून.

आता मुंबईतलं एक उदाहरण घ्या. १९८४ साली तिथे रॉक मशीन नावाचा इंग्रजी गाण्यांचा बँड निघाला, १९९३ मध्ये त्याचं नाव इंडस क्रीड झालं. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. देशात नावाजलेला बँड, तरी १९९७ मध्ये थांबला. २०१० मध्ये पुन्हा जमला, २०१२ ला नवी ध्वनिफीतही काढली. मधली तेरा वर्षं बँड नव्हता, पण त्यांचं आधीचं काम नोंदलेलं होतं, म्हणून लोक वाट बघत होते. गावची पार्टी मोडली की तिची नोंद कुठेच नसते. वाजवणारा रिक्षा चालवतो, नाहीतर वाशीच्या मार्केटला गाडी खाली करतो. दहा वर्षांनी त्याला कोण विचारणार?

सगळ्यात मोठं संकट डीजेचं. दोन माणसं आणि एक लॅपटॉप, दहा जणांची बिदागी वाचली. दुसरं संकट घड्याळाचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. आणि आपली हळद जेवणावळी आटोपून रंगात येते ती नेमकी दहाच्या सुमारास. पोलीस येतात तेव्हा पत्रिका यजमानाची असते, पण टेम्पोवरचं सामान बेंजोवाल्याचं. नियम योग्यच आहे. आजारी माणूस, परीक्षेची पोरं प्रत्येक आळीत असतात. वाजवणाऱ्याचे कानही त्यातच आले. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास राहिलं तर ऐकू कमी येण्याचा धोका असतो, आणि हा तर भोंग्याच्या दोन हातांवर उभा असतो.

म्हणून पोलीस पाटील आणि मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. सुपारी देताना साध्या कागदावर चार गोष्टी लिहा. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, परवाना कुणी काढायचा, आणि दहाला बंद केलं तरी बिदागी पूर्ण. यातली शेवटची अट नसते म्हणून वाजवणारा पैशाच्या भीतीने ‘अजून एक गाणं’ करत राहतो. हळद सातला सुरू केली तर तीन तास मिळतात. धवलारणीचे धवळे आधी, बेंजो नंतर, जेवणं मधे. पंगतीचं गणित तेवढं बदलावं लागेल.

ग्रामसेवकांसाठी आणखी एक. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून महिना ५,००० रुपये झाले. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांची ही योजना. अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात, आणि कॅसिओवाल्याकडे ते नसतात, कारण त्याला कधी कुणी पावतीच दिलेली नसते. तेव्हा मंडळाने गणपतीच्या जमाखर्चात ‘वाजंत्री’ एवढंच न लिहिता पार्टीचं आणि वाजवणाऱ्याचं नाव लिहावं, शिक्का मारून एक प्रत त्याच्या हातात द्यावी. लग्नघरानेही पत्रिका जपून द्यायला हरकत नाही.