संगणकाच्या शोधाला गोंडी कळेल का?

संगणकात फाइल कोठे ठेवली आहे, हे लक्षात ठेवण्याची गरज दिवसेंदिवस कमी होत आहे. पूर्वी एकात एक असलेले फोल्डर उघडत इच्छित कागदापर्यंत पोहोचावे लागे. आता शोधचौकटीत दोन शब्द लिहिले, की कागद समोर येतो. मोबाइलवर तर फोल्डर बहुधा दृष्टीसही पडत नाहीत. या सोयीमागे मात्र एक गृहीतक आहे : फाइलचे नाव आणि तिच्यातील मजकूर संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरांत असला पाहिजे. ज्या भाषेच्या बाबतीत हे गृहीतक लंगडे पडते, तिच्या कागदपत्रांचे काय होते, हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या उदाहरणावरून नीट उमजते.

फोल्डरची कल्पना सरकारी कचेरीतील कपाटासारखी आहे. १९६५ मध्ये ‘मल्टिक्स’ या कार्यप्रणालीच्या आराखड्यात एकात एक कप्पे असलेली ही रचना मांडली गेली. पुढे ‘युनिक्स’ने ती रूढ केली आणि १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ या संगणकाने पडद्यावर कागद व फोल्डरांची चित्रे आणून ती दृश्य रूपात मांडली. कपाटाची मर्यादाही तिच्यासोबत आली. एक कागद सहसा एकाच कप्प्यात राहतो. जुन्या पोथीचे छायाचित्र गावाच्या नावाखाली ठेवावे, लिपीच्या की विषयाच्या, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. आणि ठेवणाऱ्याने दिलेले उत्तर शोधणाऱ्याला ठाऊक नसते.

यावर उपाय म्हणून फाइलला जागेऐवजी गुणधर्मांनी ओळखण्याचा विचार पुढे आला. १९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी आशयावरून फाइली हुडकणारी रचना सादर केली. नव्वदच्या दशकातील ‘बीओएस’ने फाइलसोबत अनेक गुणधर्म नोंदवून त्यांवरून शोध घेण्याची सोय कार्यप्रणालीतच दिली. मायक्रोसॉफ्टने ‘विनएफएस’ नावाने असाच प्रयत्न आरंभला आणि २००६ मध्ये तो सोडून दिला. ॲपलच्या संगणकांत मात्र २००५ पासून ‘स्पॉटलाइट’ हा शोध रुजला. या साऱ्यांचे सूत्र एकच आहे. माणसाने कागद आपल्या सोयीने कोठेही ठेवावा; त्यातील शब्दांची सूची यंत्राने करावी.

येथेच आदिलाबादचा संबंध येतो. या जिल्ह्यातील नारनूर मंडलात गुंजाला हे गाव आहे. तेथील गोंड कुटुंबांनी जपलेल्या सुमारे डझनभर हस्तलिखितांत गोंडीची एक स्वतंत्र लिपी आढळली. हैदराबाद विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी, विशेषतः जयधीर तिरुमल राव यांनी, ती जगासमोर आणली. काही हस्तलिखितांचा काळ १७५० च्या आसपास असल्याचे मानले जाते. ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ही लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तोवर तिच्या अक्षरांना संगणकाच्या जागतिक सारणीत स्थानच नव्हते. जुन्या मराठी छापखान्यांतील फाइली ज्यांनी उघडल्या आहेत, त्यांना ही अडचण चटकन कळेल. विशिष्ट फाँट असला तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत भलतीच रोमन अक्षरे साठवलेली असतात. डोळ्यांना मजकूर दिसतो, शोधाला तो दिसत नाही.

युनिकोडने पहिला अडसर दूर केला. दुसरा वर्णक्रमाचा आहे. देवनागरी आणि तेलुगू या लिपींची युनिकोडमधील मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे. त्यामुळे देवनागरी ‘क’ आणि तेलुगू ‘क’ आपापल्या खंडात एकाच क्रमांकाच्या स्थानी बसतात आणि लिप्यंतर तुलनेने सोपे होते. गुंजाला गोंडीची व्यंजने परंपरेने ‘य’ पासून सुरू होतात : य, व, ब, भ, म आणि मग क. युनिकोडने हाच क्रम राखला. साहजिकच या लिपीत नावे दिलेल्या फाइलींची यादी बाराखडीवर वाढलेल्या वाचकाला विस्कळीत वाटेल, गोंडी वाचकाला मात्र ती नीट लावलेली दिसेल.

तिसरा अडसर सर्वांत मोठा आहे. गोंडी एकाच लिपीत लिहिली जात नाही. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हाइमेंडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र उभारले, तेव्हा गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. याच जिल्ह्यात अधिकारी राहिलेले मराठी इतिहासकार सेतु माधवराव पगडी यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. तेलंगणात तेलुगू लिपी वापरली जाते. मध्य प्रदेशातील मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ मध्ये रचलेली आणखी एक लिपी आहे. ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. आता ‘कोइतूर’ हा एकच शब्द या चार लिपींत लिहिला, तर यंत्राच्या लेखी ते चार वेगळे शब्द ठरतात. एकाचा शोध घेतला तर उरलेले तीन सापडत नाहीत.

गोंडी ही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांची मातृभाषा आहे. तिचे जुने कागद छायाचित्रांच्या रूपाने साठवले, तरी छायाचित्रात यंत्राला वाचण्याजोगे अक्षर नसते. म्हणून प्रत्येक फाइलसोबत गाव, काळ, विषय, भाषा आणि लिपी यांची नोंद माणसानेच करायला हवी. त्यासाठी प्रमाण संकेत उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय भाषासूचीत आदिलाबादच्या गोंडीला ‘डब्ल्यूएसजी’ हा स्वतंत्र संकेत आहे, तर गुंजाला लिपीला ‘जीओएनजी’. मूळ नावासोबत त्याचे देवनागरी व तेलुगू रूप नोंदवले, तर तिन्ही लिपींचे वाचक त्याच कागदापर्यंत पोहोचू शकतात.

देवनागरी, रोमन आणि कन्नड लिपींत विखुरलेल्या कोकणीच्या संदर्भात गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. कपाटात चुकीच्या कप्प्यात गेलेला कागद निदान कधीतरी कुणाच्या हाती लागे. शोधावर चालणाऱ्या साठ्यात ज्याची नोंद नाही, त्या कागदाकडे कुणी फिरकतच नाही.